अर्धं बोट आत

इटलीतल्या फेर्रारा गावातली बहुतेक घरं विटांची, आणि त्यातल्या निम्म्या विटांना आपला हात लागलेला आहे, असं अडेल्मो झगात्तीचं म्हणणं होतं. माणूस तसा कमी बोलणारा, पण विटांचा विषय निघाला की आवरायचा नाही. चौदाव्या वर्षी थापी हातात धरली ती पासष्टाव्या वर्षी खाली ठेवली. मधल्या सगळ्या वर्षांत गावातले जुने प्रासाद, चर्च, अंगणांच्या कमानी यांची डागडुजी केली. लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, आणि ती गेल्यावर तिच्या मांजरीला सांभाळलं. सायकलच्या दांडीला एक ओळंबा कायम बांधलेला असायचा, निवृत्तीनंतरसुद्धा. "आता कशाला रे तो?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "गाव वाकतंय का ते बघायला."

त्याच्या धंद्यात एक नियम आहे. जुन्या इमारतीचा एखादा तुकडा पडला आणि त्या जागी नवा बसवायचा झाला, तर तो जुन्यांच्या रांगेत बसवायचा नाही. अर्धं बोट आत बसवायचा. लांबून भिंत अखंड दिसावी, पण जवळ येऊन हात फिरवणाऱ्याला कळावं की पाचशे वर्षांपूर्वीचं इथे संपलं आणि कालचं सुरू झालं. बघणाऱ्याला फसवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडेल्मोनं हा नियम कितीतरी गवंड्यांना शिकवला, आणि ज्यांनी पाळला नाही त्यांना शिव्या घालून केलेलं काम पुन्हा फोडायला लावलं. स्वतः त्यानं तो आयुष्यात एकदाच मोडला. त्या एकदाचं काय झालं ते सांगायचंय.

दर रविवारी सकाळी दहाला चौघं किल्ल्यासमोर सायकली घेऊन जमायची. अडेल्मो, पावाचं दुकान चालवून थकलेली निवेस, तिचा एका कानानं बहिरा नवरा वाइनर, आणि लेआर्को बोनफात्ती. लेआर्को आणि अडेल्मो पहिलीपासून एका बाकावरचे. पुढे लेआर्को शिकला आणि तोरिनोला शाळामास्तर झाला. तीस वर्षं तिकडे इतिहास शिकवून दोन हजार एक साली कायमचा गावी परतला. रविवारची टूम त्याचीच. दर रविवारी एकच इमारत बघायची, पण पुरती बघायची. आयुष्यभर जिच्यासमोरून सायकल दामटली ती इमारत डोकं वर करून एकदा तरी बघितली का, असा त्याचा सवाल असायचा, आणि बघितलेली नसायचीच.

मास्तर प्रत्येक इमारतीला दहापैकी गुण द्यायचा. हिऱ्यासारख्या टोकदार दगडांनी मढवलेल्या हिऱ्यांच्या प्रासादाला त्यानं आठ दिले होते.

"आठच?" निवेस खवळली होती. "अख्खं जग येतं बघायला, आणि हा बघा, आठ!"

"टोकं फार आहेत. माणसानं पाठ टेकायची कुठे?"

"काय म्हणतोय?" वाइनर.

"टोकं फार म्हणतोय!"

"मग बरोबर आहे," वाइनर म्हणाला. "त्या टोकांत त्याला आपलीच ओळख पटली असेल."

लेआर्को मात्र असल्या टोमण्यांनी एक गुण इकडचा तिकडे करत नसे. शाळेतही म्हणे तसाच होता. तपासलेले पेपर कधी वाटले नाहीत. प्रत्येकाचा पेपर टेबलाच्या पलीकडच्या काठावर, येणाऱ्याला सरळ वाचता येईल असा ठेवायचा, आणि ज्याचा त्यानं येऊन उचलायचा. "गुण हवेत त्याला पाय दिलेत देवानं," म्हणायचा. अकरा वर्षांच्या रविवारांत त्यानं फेर्राराला सहा दिले, सात दिले, दोनदा नऊ दिले. दहा फक्त एकदाच, आणि तेही इमारतीला नाही.

तोर्बोलींच्या घराच्या दरवाजाभोवती भाजक्या मातीची कमान आहे. कमानीत बारा मुंडकी, मुठीपेक्षा जरा मोठी. सरदार, संत, कुणी दाढीवाला, कुणी गालफुगी पोरं. डावीकडून मोजत गेलं की अकरावी एक मुलगी आहे. केस मागे बांधलेले, मान किंचित तिरकी, आणि ओठांचा डावा कोपरा वर चढलेला, हसू दाबून धरल्यासारखा. लेआर्कोचे दहा गुण तिला होते.

ती मुलगी अडेल्मोनं एकोणीसशे एकाहत्तर साली बनवली होती.

तिचं नाव इरिदे. अडेल्मोची धाकटी बहीण, आणि लेआर्कोची ठरलेली बायको. लग्न सप्टेंबरात व्हायचं होतं. एप्रिलात तिला ताप आला, मेंदूत चढला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. बावीस वर्षांची होती. लेआर्को तेव्हा सक्तीच्या लष्करी नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, वर डोंगरात. तो पोचला तेव्हा शवपेटीवर झाकण बसलेलं होतं. महिन्याभरात त्यानं तोरिनोची नोकरी धरली आणि गाव सोडलं. पुन्हा कुणाशी लग्नही केलं नाही.

अडेल्मोला पळायला तोरिनो नव्हतं. तो कामावर जात राहिला. दोन वर्षांनी तोर्बोलींच्या कमानीचं काम निघालं. अकरावं मुंडकं कधीच फुटून गेलेलं, नुसतं भोक राहिलेलं. तिथे मातीचा एक साधा गोळा बसवा, चेहरा नको, आणि अर्धं बोट आत, असा पुरातत्त्व खात्याच्या साहेबाचा हुकूम होता. अडेल्मोनं माती मळायला घेतली. घरात इरिदेचा एकच फोटो होता, त्यातही उन्हानं डोळे मिटलेले. आई तो फोटो हातात घेऊन म्हणायची, ही कुठे हसतेय, माझी पोरगी तर सारखी हसायची. अडेल्मोच्या बोटांना मात्र तो ओठाचा कोपरा ठाऊक होता. एका बैठकीत चेहरा झाला. भट्टीतून निघाल्यावर त्यानं नाकाचा शेंडा जरा घासला, विटेची पूड आणि काजळी ताकात कालवून चेहऱ्यावर चोळली, मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं एकदा वाचलं: इरिदे, अ. झ., १९७१. आणि तिला बाकीच्या अकरांच्या रांगेत बसवलं. बरोबर रांगेत. अर्धं बोट आत ढकलायला त्याचा हात धजला नाही. साहेब आले तेव्हा संध्याकाळ होत आली होती, त्यांनी खालूनच मान डोलावली आणि सही केली.

आईला त्यानं एकदा तिथे नेलं. आई वर बघून म्हणाली, "थंडी वाजेल रे तिला." यापलीकडे घरात तो विषय कधी निघाला नाही.

तीस वर्षांनी लेआर्को परतला, आणि पहिल्याच रविवारी कमान बघता बघता अकराव्या चेहऱ्यापाशी थांबला. तो सायकल आडवी टाकून फुटपाथवर बसला, आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस हुंदके देऊन रडला. अडेल्मो सांगणारच होता, तोंडही उघडलं होतं.

"पाचशे वर्षं, अडेल्मो," लेआर्को म्हणाला. "पाचशे वर्षांपूर्वी या गावात हीच हनुवटी होती. हाच ओठ. म्हणजे ती नुसती बावीस वर्षं नव्हती रे. आधीपासून होती. म्हणजे पुन्हाही असेल. एखाद्या दिवशी एखादी पोरगी समोरून सायकलवर जाईल आणि हेच तोंड असेल."

आता अशा माणसाला कोण काय सांगणार? पुढच्या रविवारी सांगू, असं अडेल्मोनं ठरवलं. पुढच्या रविवारी लेआर्को इतका खुशीत होता की जीभ उचलेना. मग त्याच्या पुढच्या. असे रविवार साठत गेले, आणि एका रविवारी सांगणं जितकं सोपं होतं तितकंच दहा वर्षांनी अशक्य होऊन बसलं. त्या दिवशी कुठलीही इमारत बघितलेली असो, परतताना मास्तर तोर्बोलींच्या दारावरून गेल्याशिवाय राहायचा नाही. टोपी काढायचा. "बाईसाहेब, कुणाच्या कोण तुम्ही?" असं तिला विचारायचा, आणि अडेल्मो शेजारी सायकल धरून उभा.

पुढे लेआर्कोनं तिच्यावर पुस्तक लिहायला घेतलं. मोठं नाही, साठेक पानांचं. जुनी दप्तरं धुंडाळली, तोर्बोलींच्या मुलींची लग्नं शोधली, त्या काळचे मातीकाम करणारे शोधले. गावातल्या हौशी इतिहासमंडळानं ते छापायचं कबूल केलं. छातीच्या दुखण्यानं खंगलेला त्याचा जीव त्या पुस्तकावरच तगून होता, असं निवेस म्हणायची.

दोन हजार बाराच्या मे महिन्यात जमीन हलली. फेर्रारातली धुराडी पडली, भिंतींना भेगा गेल्या, आणि अडेल्मोच्या ओळंब्याची थट्टा करायचं सगळ्यांनी सोडून दिलं. ऑक्टोबरात तोर्बोलींच्या दाराला परांची लागली. अडेल्मो ताबडतोब जाऊन धडकला. वर हेल्मेट घातलेली एक तरुण वास्तुतज्ज्ञ बाई होती.

"बाराही मुंडकी उतरवणार आहोत, काका," ती म्हणाली. "मागून तपासायची. मागे काय काय लिहिलेलं सापडतं, तुम्हाला ठाऊकच असेल."

अडेल्मो घरी न जाता निवेसकडे गेला आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. निवेस पास्त्यात भोपळ्याचं सारण भरत होती. तिचे हात थांबले.

"देवा रे. आणि तू गप्प राहिलास?"

"आता नाही राहता येणार. ते उतरवतील, वाचतील, पेपरात छापून येईल. त्याला पेपरातून कळू देऊ?"

"कळलं तर कळलं. ते त्यांच्या तोंडून कळेल, तुझ्या नाही." निवेसनं हात पुसले. "मी सांगते ते ऐक, झगात्ती. अजून काही उतरवलेलं नाही. थांब जरा. सरकारी काम आहे, त्यांचा आज कागदांत जातो आणि उद्या उगवत नाही."

"त्याचं पुस्तक जानेवारीत छापायला जातंय. छापल्यावर कळलं तर गावभर हसं होईल त्याचं."

"आणि आधी कळलं तर?"

पण नियम मोडलेला माणूस तो, त्याला वाटलं निदान एवढं तरी नियमानं करावं. तो कुणाला फसवत नाही हे त्याला एकदा स्वतःला सांगायचं होतं, आणि या घाईत लेआर्कोला काय हवं आहे ते विचारायचं राहून गेलं.

अकरा नोव्हेंबरच्या रविवारी निवेस आणि वाइनर मुद्दाम आलीच नाहीत. धुकं इतकं होतं की इमारत बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून दोघं गावाच्या तटावरून सायकली हातात धरून चालले. एका बाकाशी मास्तर दम खायला बसला. अडेल्मो उभाच राहिला.

"मास्तर, अकरावा चेहरा मी केलाय."

"कसला अकरावा?"

"तोर्बोलींचा. एकाहत्तर साली. ती इरिदेच आहे. इरिदेसारखी नाही. इरिदे."

खालून कुणाचं तरी कुत्रं भुंकत गेलं.

"भट्टी कुठली?" त्यानं विचारलं.

"पो नदीच्या रस्त्यावरची. आता बंद झालीय."

"मागे काही लिहिलंयस?"

"तिचं नाव."

"नियमाप्रमाणे आत बसवायला हवी होती."

"हो."

मग मास्तर उठला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"अकरा वर्षं मी त्या दाराशी टोपी काढून विचारत होतो, बाई, तू कुणाची कोण. आणि उत्तर माझ्या शेजारी सायकल धरून उभं होतं. मला वाटलं होतं ती परत मिळाली. तू मला तिचा पुतळा दाखवत होतास."

"मी दाखवला नाही रे. तूच—"

"हो. मीच." त्यानं सायकल वळवली. "येऊ नकोस आता. मी जाईन."

धुक्यात दहा पावलांवर माणूस दिसेनासा होतो. अडेल्मोला सायकलच्या साखळीचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

पुढच्या रविवारी तो निवेसकडून ताजा पिळाचा पाव घेऊन लेआर्कोच्या घरी गेला. दार मास्तरच्या भाचीनं, मार्त्सियानं उघडलं. मामाला बरं नाही, आत्ताच डोळा लागलाय, म्हणाली. अडेल्मोनं पाव तिच्या हातात दिला. "थांबता का?" असं तिनं विचारलं होतं, हे त्याला पुढे कितीदा तरी आठवलं. तो थांबला नाही.

त्यानंतर तो त्या दारापाशी गेला नाही. निवेस जायची, डबा द्यायची, परत येऊन सांगायची.

"माझं काही विचारलं?"

"नाही. तुझं नावसुद्धा नाही काढलं." निवेस कुणाचं मन राखायला खोटं बोलणारी नव्हती, आणि या वेळी तरी तिनं बोलायला हवं होतं. "अरे पण तू जा ना! दोन म्हातारे, दोघांच्या घरांत सायकलनं सात मिनिटं, आणि निरोप्या मी!"

"येऊ नकोस म्हणालाय तो."

"त्या दिवशीपुरतं म्हणाला असेल. जन्माचं ठरवून टाकलंस तू?"

"दार त्याचं आहे. उघडायचं असेल तर तो उघडेल."

जानेवारीत तोर्बोलींच्या दाराची परांची निघाली. मुंडकी शाबूत आहेत, हलवण्याची गरज नाही, असा निर्णय झाला होता. समोरूनच फटीत चुना भरला आणि सगळे निघून गेले. एकही मुंडकं उतरलं नाही. इरिदेच्या पाठीवरचं नाव भिंतीत होतं तिथेच राहिलं. अडेल्मो समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघत होता. त्यानं तोंड उघडलं नसतं, तर या जगात कुणाला काही कळलं नसतं. पुस्तक छापून आलं असतं, मास्तर दर रविवारी टोपी काढत राहिला असता. बारा वर्षांपूर्वी लेआर्को जिथे रडला होता तिथेच अडेल्मो बसून राहिला. जाणाऱ्या एका बाईनं, पाणी आणू का, असंही विचारलं.

मार्चमध्ये, ईस्टरच्या आठवडाभर आधी, लेआर्को गेला. झोपेतच गेला, असं निवेसनं फोनवर सांगितलं. दफनभूमीत त्याला इरिदेच्या शेजारी जागा मिळाली नाही, ती कधीच भरली होती. दोन रांगा सोडून मिळाली. अडेल्मोनं खांदा दिला.

पंधरा दिवसांनी मार्त्सियाचा निरोप आला. मामाची पुस्तकं, कागद आवरायचे आहेत, तुम्ही तिघं आलात तर बरं होईल. निवेस आणि वाइनर बाहेरच्या कपाटाला लागले. अडेल्मो आतल्या खोलीत गेला.

खोलीत खिडकीपाशी टेबल होतं. टेबलावर पुस्तकाच्या हस्तलिखिताचा गठ्ठा दोरीनं बांधून ठेवलेला. आणि टेबलाच्या अलीकडच्या काठावर, आलेल्या माणसाला सरळ वाचता येईल असा, एकच कागद. शाळेच्या परीक्षेचा, रेघा आखलेला. वरती दौतीच्या शाईनं, आधी आडनाव आणि मग नाव: झगात्ती, अडेल्मो.

"तो कागद ना?" मार्त्सिया दारातून म्हणाली. "नोव्हेंबरपासून तिथेच आहे. मी टेबल पुसायला गेले की ओरडायचे. हात लावू नकोस, ज्याचा आहे तो येऊन नेईल, म्हणायचे. कुणाचा आहे ते काही सांगितलं नाही. मला वाटलं, एखादा जुना विद्यार्थी असेल." ती कॉफी ठेवायला स्वयंपाकघरात गेली.

अडेल्मोला चष्मा सापडेना. सापडला तेव्हा तो टेबलावर वाकला. कागदावर पाच ओळी होत्या.

अकरावा चेहरा. सन १९७१.
मूळ नाही.
अर्धं बोट आत बसवायला हवा होता.
ओठाचा डावा कोपरा अचूक. मी विसरलो होतो, याला आठवला.
गुण: दहा.

खाली तारीख होती, चौदा नोव्हेंबर. म्हणजे तटावरच्या त्या रविवारनंतरचा बुधवार. म्हणजे पाव घेऊन अडेल्मो दारात उभा होता तेव्हा हा कागद इथे, याच काठावर, तयार होता. नाताळात होता. परांची निघाली त्या दिवशी होता. चार महिने मास्तर पलीकडच्या खुर्चीत बसून त्याची वाट बघत होता, आणि अडेल्मो सात मिनिटांच्या अंतरावर आईच्या मांजरीशेजारी बसून दार उघडण्याची वाट बघत होता. आपण अकरा वर्षं जे लपवलं ते लेआर्कोनं तीन दिवसांत पोटात घातलं होतं. उठून कागद आणून देणं तेवढं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि हे पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या अडेल्मोला ठाऊक असायला हवं होतं.

त्यानं टोपी काढली. मग समोरची खुर्ची, जी येणाऱ्यासाठी मांडलेली होती, ती ओढून तिच्यावर बसला.

"मास्तर," तो मोठ्यानं म्हणाला, "आलोय. पेपर न्यायला आलोय."

स्वयंपाकघरात मार्त्सियाला वाटलं, कुणी भेटायला आलंय. तिनं कॉफीचा आणखी एक पेला काढून ठेवला.